डॉ. खानोलकर : काचपट्टीवरून माणसापर्यंत

सुरुवातीलाच एक कबुली. माझं पहिलीपासून दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा पेपर म्हणजे पस्तीस मार्कांची लढाई असायची. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ इंग्रजी विभागात पळून जाणार होतो. पण हा लेख वाचणाऱ्यांत माझे मोठे काका असणार आहेत आणि ते इंग्रजी वाचत नाहीत. म्हणून मराठीतच लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

खानोलकर हे नाव होस्टेलमध्ये तीन जणांना विचारून पाहिलं. एकाला चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे कवी आरती प्रभू आठवले. एनसीसीवाल्या रूममेटला परमवीर चक्राचं डिझाईन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर आठवल्या. तिसऱ्याने मेसची वेळ झाली म्हणून विषय बदलला. डॉ. वसंत रामजी खानोलकर कुणालाच माहीत नव्हते. मागच्या वर्षापर्यंत मलाही नव्हते. ते माहीत कसे झाले ते आधी सांगतो.

आमचं गाव अंबड तालुक्यात. मोठ्या काकांची मोसंबीची बाग आहे. मागच्या हिवाळ्यात काकूचा फोन आला की काका मोसंबी खायचे बंद झालेत. ज्या माणसाने तीस वर्षं बागेत बसून मोसंबी सोलून खाल्ली, त्याच्या तोंडाला स्वतःच्याच बागेचा रस झोंबायला लागला होता. खालच्या ओठाच्या आत, दातांसमोरच्या खाचेत एक पांढरा चट्टा होता. आधी गावाकडच्या एका डॉक्टरांनी तोंड आलंय म्हणून तीन महिने मलम आणि बी-कॉम्प्लेक्सवर काढले. शेवटी संभाजीनगरच्या एका हॉस्पिटलमध्ये चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला. बायोप्सी. पाच दिवसांनी रिपोर्ट आला आणि त्यात निदानच नव्हतं. तुकडा फार वरवरचा आहे, खालचा थर दिसत नाही, पुन्हा काढावा, एवढंच लिहिलं होतं. घरात सगळे चिडले. पाच दिवस झोप नाही, आणि उत्तर हे!

दुसऱ्या वेळी काकांसोबत मी गेलो. लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आम्हालाच आत बोलावलं. पहिल्या फॉर्मवर फक्त नाव आणि वय होतं. तुकडा कुठून घेतला, किती दिवसांपासून त्रास आहे, सवयी काय, हे रकाने कोरेच होते. त्यांनी काकांना तंबाखूबद्दल विचारलं. काका म्हणाले, कधीमधी. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून सांगितलं की तंबाखू-चुना, दिवसातून आठ-दहा वेळा, मला कळतंय तेव्हापासून, आणि नेहमी त्याच जागी. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात माझी स्वतःची पुडी होती. ती मी सांगितली नाही.

मॅडमनी ते सगळं फॉर्मवर लिहिलं आणि म्हणाल्या की या जागेचा आणि या सवयीचा संबंध मुंबईत एका मराठी माणसाने १९४५ मध्येच छापून ठेवलाय. त्यांनी नाव सांगितलं ते खानोलकरांचं. होस्टेलवर परत आल्यावर मी शोधायला लागलो.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. आडनाव वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोली गावाचं. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतलं आणि १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. केलं. त्या काळात लंडनचा एम.डी. म्हणजे मुंबईत दवाखान्याची पाटी लावली की रांग लागायची. यांनी मात्र निवडला असा विषय, ज्यात पेशंट डॉक्टरचं तोंडही बघत नाही. मुंबईत परत येऊन ते ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. १९२६ मध्ये सुरू झालेलं जी. एस. हे शिकवणारे सगळे भारतीयच असावेत या अटीवर उभं राहिलेलं कॉलेज. परळचं केईएम हॉस्पिटल त्यालाच जोडलेलं आहे.

आता पॅथॉलॉजिस्ट नेमकं करतो काय, हे आपल्या भाषेत सांगतो. मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या रोलिंग मिल आहेत. अशाच एका मिलमध्ये ट्रेनिंगला असताना मी टीएमटी सळईची टेस्ट केली होती. सळईचा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा, मग त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड लावायचं. साध्या डोळ्यांना एकसारखं दिसणारं लोखंड मग आपली रचना दाखवतं. बाहेर गडद रिंग, आत फिकट गाभा. रिंग तुटक असेल तर क्वेंचिंग नीट झालेलं नाही.

शरीराच्या तुकड्याचंही जवळपास तसंच. काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही, आहे तसा थांबतो. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढून घेतात आणि मेणात बसवून छोटी वडी बनवतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. काप काचपट्टीवर घेऊन दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. रिपोर्टला चार-पाच दिवस लागतात ते यामुळे. लॅबवाले चहा पीत बसलेले नसतात, हे मला आता कळलंय.

मॅडमनी मला दुसऱ्या एका स्लाइडवर निरोगी गालाचं अस्तर दाखवलं. विटांच्या भिंतीसारखे थर. सगळ्यात खाली एकसारख्या पेशींची रांग आणि तिच्याखाली एक पातळ पडदा, बेसमेंट मेंब्रेन. रोग बिघडवतो तो हीच शिस्त. केंद्रकं मोठी आणि गडद होतात, रांगा मोडतात. पण पडदा शाबूत असेल तोपर्यंत तो कॅन्सर नव्हे. पेशी पडदा फोडून खाली उतरल्या की कॅन्सर. पहिल्या तुकड्यात हा पडदाच आला नव्हता. म्हणजे ज्या रिपोर्टवर आम्ही चिडलो, तो प्रामाणिक रिपोर्ट होता. न दिसलेल्या गोष्टीबद्दल मॅडमनी अंदाज ठोकला नाही.

कधी कधी तुकडा न काढता नुसत्या पेशी खरवडून किंवा सुईने ओढून काचेवर पसरवतात. ते लवकर होतं, दुखतही कमी. पण तिथे सुट्या विटा दिसतात, भिंत दिसत नाही. पडदा फुटला की नाही हे बघायला तुकडाच लागतो.

इथपर्यंत सगळं तंत्र झालं, आणि ते खानोलकरांच्या आधीपासून होतं. त्यांचं मोठेपण पुढे आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या होत्या. सर दोराबजींच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभं केलं. तिथल्या प्रयोगशाळा खानोलकरांच्या हाती आल्या. कॅन्सर हा मुख्यतः पाश्चात्त्यांचा रोग आहे, भारतात तो कमीच, असा तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता. खानोलकरांच्या टेबलावर रोज येणारे तुकडे वेगळं सांगत होते. त्यांनी वाद घातला नाही, मोजणी केली. तोंडाच्या कॅन्सरचे ओळीने एक हजार रुग्ण घेऊन त्यांनी १९४४ मध्ये त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निवडलेले नाहीत, ओळीने आलेले. स्टॅटिस्टिक्सचे सर सँपलिंग बायसवर एवढा जोर का देतात, ते मला इथे समजलं.

आणि मग १९४५ चा तो पेपर. सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी भारतातले तीन नवे कॅन्सर मांडले आणि तिन्हींचा संबंध लोकांच्या रोजच्या वहिवाटीशी जोडला.

पहिला खैनीचा कॅन्सर. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागच्या खाचेत धरायचा, आणि कॅन्सर बरोबर त्याच खाचेत. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याकडे जाड विडी, म्हणजे चुट्टा, जळतं टोक तोंडात ठेवून ओढायची पद्धत आहे, विशेषतः बायकांमध्ये. त्यांचा कॅन्सर टाळूवर येतो. इतर ठिकाणी टाळूच्या कडक भागाचा कॅन्सर क्वचितच दिसतो. तिसरा सगळ्यात चमत्कारिक, धोतराचा कॅन्सर. कमरेला वर्षानुवर्षं धोतर घट्ट कसलं की त्या रेषेवरची कातडी घासते, रंग जातो, जाड होते, जखमा होतात, आणि काही जणांमध्ये त्याच जागी कॅन्सर उठतो. धोतराची हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीमुळे कमरेवर कॅन्सर झालेल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. जवळजवळ ऐंशी वर्षांनी तीच रेषा, तोच रोग.

आता गंमत बघा. या तिघांच्या स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या साधारण सारख्याच दिसतात. तिन्हीकडे तोच स्क्वेमस सेल कॅन्सर, त्याच विस्कटलेल्या पेशी, कांद्याच्या चकतीसारखे तेच केराटिनचे गोल. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर जो कॅन्सर व्हायचा, तो आधीपासून माहीत होता. त्याची स्लाइडही अशीच. म्हणजे रोग काय आहे हे काच सांगते, पण तो का झाला हे सांगत नाही. त्यासाठी शरीरावरची जागा बघावी लागते, आणि माणूस काय खातो, काय नेसतो, काय ओढतो हे विचारावं लागतं. खानोलकर लॅबमध्ये बसून ते विचारत होते. तीन दुर्मिळ रोग त्यांना सापडले ते भारी मायक्रोस्कोपमुळे नाही. फॉर्मवरचे रकाने त्यांनी कोरे सोडले नाहीत म्हणून.

दुर्मिळ रोग ओळखायचा मार्ग आजही हाच आहे. साध्या रंगात उत्तर मिळालं नाही तर खास रंग वापरतात, पेशीवरची विशिष्ट प्रथिनं शोधणाऱ्या अँटिबॉडी लावतात, जनुकांची तपासणी करतात. पण कोणती टेस्ट लावायची हे ठरवायला आधी शंका यावी लागते, आणि शंका माणसाच्या माहितीतून येते. कोऱ्या फॉर्मवर दहा टेस्ट लावल्या तरी अंधारात दगड मारल्यासारखंच.

कॅन्सरशिवाय खानोलकरांनी कुष्ठरोगावरही बरंच काम केलं. कुष्ठरोगाचे जंतू खास रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप तपासून, हे जंतू कातडीतल्या बारीक नसांमध्ये किती लवकर शिरतात हे त्यांनी मांडलं. तो अहवाल १९५१ मध्ये आला. चट्टा दिसायला किरकोळ असतानाच तिथली जाणीव का जाते, याचं उत्तर या नसांमध्ये आहे. पुढे १९५८ मध्ये त्यांच्या संस्थेत कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला गेला, त्याला संस्थेचंच नाव मिळालं, आयसीआरसी बॅसिलस. नंतर तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नसून त्याच्या भाऊबंदांपैकी असल्याचं दिसलं. खरा जंतू प्रयोगशाळेच्या माध्यमात आजही वाढवता आलेला नाही. पण त्या भाऊबंदापासून कुष्ठरोगावरच्या लशीचे प्रयोग झाले. मोठ्या माणसांचेही सगळेच प्रयोग ठरवल्यासारखे येत नाहीत, हे वाचून फायनल इयर प्रोजेक्टवाल्यांना धीर यावा.

ही संस्था म्हणजे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. ती १९५२ मध्ये सुरू झाली आणि खानोलकर तिचे पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे होत्या. त्यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवण्याचं तंत्र शिकून मुंबईत टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. मेलेल्या पेशींच्या कापावरून जिवंत पेशींच्या प्रयोगापर्यंतची ही पुढची पायरी. हीच संस्था आज नवी मुंबईतल्या खारघरच्या ॲक्ट्रेकचा भाग आहे आणि तिथल्या एका इमारतीचं नाव खानोलकर शोधिका आहे.

बाकीचे मान-सन्मान थोडक्यात सांगतो. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष, साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. त्यांनी १९४५ मध्ये जे दाखवलं त्यावर जगाचं शिक्कामोर्तब व्हायला वेळ लागला. तंबाखू घातलेलं पान कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८५ मध्ये जाहीर केलं, नुसती सुपारीही करते हे २००४ मध्ये. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. आणि पुड्या कुठे मिळतात हे अजूनही आपल्या सगळ्यांना पाठ आहे. (रेक्टर सर, हे वाचून रूम चेक करू नका, प्लीज!)

आता काकांचं. दुसरा तुकडा खोल घेतला होता. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. खालचे थर बिघडलेले होते, केंद्रकं मोठी झाली होती, पण पडदा शाबूत होता. डिसप्लेझिया, मध्यम स्वरूपाचा. म्हणजे कॅन्सर नाही, पण त्याच रस्त्यावर. डॉक्टरांनी तो चट्टा पूर्ण काढून टाकला. आता दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. बरे झाले असं मी लिहिणार नाही, कारण तसं कुणी डॉक्टर म्हणालेलं नाही. काकांनी तंबाखू सोडली. पहिला महिना ते सगळ्यांवर खेकसत होते, माझ्यावर जरा जास्तच. मग या मोसमात एक दिवस मी गावी गेलो तर बागेत बसून त्यांनी मोसंबी सोलली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. त्या दिवशी मी त्यांना माझ्या पुडीबद्दल सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नुसता हात पुढे केला. मी पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती पाटाच्या पाण्यात रिकामी केली.

ती मी सेकंड इयरला, रात्रभर जागून ड्रॉइंग शीट संपवताना सुरू केली होती. झोप येत नाही म्हणून. त्या दिवसानंतरही एकदा परत लागली, परत सोडली. आज चौथा महिना चालू आहे. अजून जिंकलो असं नाही.

म्हणून वाचकहो, शेवटी दोनच गोष्टी. आज रात्री मेसमधून आल्यावर आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. ओठाच्या मागे, गालाच्या आत, जिभेखाली नजर टाका. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर मलमावर दिवस काढू नका, दाखवा. आणि दाखवायला गेलात तर सवयींच्या रकान्यात खरं लिहा. तिकडे मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाला तुम्ही दिसत नसता. त्याच्याकडे असतो एक गुलाबी-जांभळा काप आणि तुम्ही भरलेला कागद. खानोलकरांनी त्या कागदाची किंमत ऐंशी वर्षांपूर्वी ओळखली होती. आपण निदान तो कोरा सोडू नये.